शंभर दिसले पाहिजेत

सायकलवाल्यांचे किलोमीटर त्यांच्या घड्याळात साठतात आणि किस्से साठतात माझ्या ओट्यावर! घड्याळ भरलं की ते फोनमध्ये रिकामं करता येतं म्हणे. ओट्याला तशी काही सोय नाही. एक किस्सा झाडून काढावा तर त्याच्या खालून दुसरा निघतो. म्हणून म्हटलं, आता लिहूनच काढू. माझं शिक्षण आठवीपर्यंत, तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

धाराशिवात आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच आमचं घर आहे. पहाटे चौघंजण सायकली घेऊन माझ्या ओट्यापाशी जमतात आणि फिरून आले की तिथंच टेकतात. मी चहा ठेवते. चहा संपला तरी मी आत जात नाही. लोक मला चौकस म्हणतात. माझी जाऊ वेगळा शब्द वापरते, तो इथं नको.

चौघं म्हणजे कोण? एक साळवे भाऊ, आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी, सरकारी कचेरीतून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. दुसरे मुळे सर, शाळेत गणित शिकवतात. तिसऱ्या वैशाली सिस्टर, दवाखान्यात नर्स आहेत. आणि चौथे फैयाजभाई, ज्यांचं सायकलीचं दुकान आहे. पहिल्या तिघांच्या मनगटावर किलोमीटर मोजणारं घड्याळ असतं. फैयाजभाईंच्या मनगटावर ग्रीस असतं.

थंडीच्या दिवसांत ते निघाले की मी शाल गुंडाळून तशीच बसून राहते. धुकं इतकं असतं की चौघं कोपऱ्यावरच्या खांबापर्यंतच दिसतात. पुढं नुसता चेनचा बारीक आवाज, मग तोही विरघळतो. कधी कधी वाटतं, ही माणसं खरंच इथून गेली का मला झोपेतच तसं वाटलं? मग ओट्यावर विसरलेला कुणाचा तरी मफलर दिसतो आणि खात्री पटते.

*

भाऊंचं आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

भाऊंची मंडळी तीन वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी, प्रज्ञा, पुण्याला नोकरीला आहे. मागच्या वर्षी भाऊंच्या छातीत कळ आली, तर सोलापूरला नेऊन एक स्प्रिंग बसवली. तेव्हापासून प्रज्ञाचं एकच, "घराला कुलूप लावा आणि पुण्याला चला." भाऊंचंही एकच, "म्या इथं बरा हाय."

एका संध्याकाळी फोनवर दोघांची चांगलीच जुंपली. भाऊ फोन नेहमी स्पीकरवर टाकूनच बोलतात. मी मुद्दाम ऐकलं नाही. भिंत एकच आहे आणि माझी शेगडी नेमकी त्या भिंतीला आहे, त्याला मी काय करू?

"बाबा, अंगात ताप असला तरी तुम्ही बरा आहे म्हणता. मी विश्वास कशावर ठेवायचा?"

"अगं, म्या रोज वीस-वीस किलोमीटर सायकल चालवतो!"

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणतो की!"

"तेच तर!"

पुढच्या आठवड्यात पार्सल आलं. आत घड्याळ. त्याला स्वतःचं सिमकार्ड, म्हणजे भाऊ कुठं आहेत, किती किलोमीटर झाले, सगळं पुण्यात प्रज्ञाच्या फोनवर दिसणार. आणि सोबत अट! संक्रांतीच्या आत एका दिवसात शंभर किलोमीटर करून दाखवायचे. झाले, तर पुण्याचा विषय कायमचा बंद. नाही झाले, तर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं.

"आणि घड्याळात दिसले पाहिजेत बाबा. तोंडी नकोत."

भाऊ दुसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन मनगट पुढं करून बसले.

"वहिनी, उभी नोकरी म्या लोकांना हेच सांगत आलो. तोंडी नको, कागद आणा! आता पोरगीच माझ्यावर उलटली."

*

घड्याळ म्हणजे खरं, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. आठवडाभरात तो भ्रम फिटला.

एका सकाळी चौघं हातलाईच्या तळ्याकडून पुढं जाऊन परत आले. रस्ता एक, वळणं तीच. ओट्यावर तीन मनगटं शेजारी शेजारी ठेवली. भाऊंचं म्हणालं अठरा. सरांचं म्हणालं साडेसतरा. सिस्टरचं म्हणालं एकोणीस. सिस्टर खूश! सर मात्र चहाला शिवेनात.

"एका गणिताला तीन उत्तरं? पेपरात असतं तर दोघं नापास!"

फैयाजभाई शांतपणे बिस्कीट बुडवत म्हणाले, "सर, रस्ता एकीच है, घड्याळां तीन हैं. झूट कौन बोल रहा, सोचो!"

सरांनी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सायकलच्या पुढच्या चाकाचा घेर टेपनं मोजला, आरीला लाल चिंधी बांधली आणि ठरवलं की चिंधी किती वेळा वर येते ते मोजायचं. घेर गुणिले फेरे, झालं पक्कं उत्तर!

आठशे सतरापर्यंत आकडा गेला. तेवढ्यात म्हशी घेऊन एक आजोबा समोरून आले.

"राम राम सर! कुठं निघालाव?"

आता आमच्याकडं कुणी कुठं निघालाव म्हटलं आणि तुम्ही न बोलता पुढं गेलात, तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं की सरांना गर्व झाला. सर म्हणाले, "हे इथंच, फिरायला." आणि आठशे सतरा गेले वाऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच आजोबा. "सर, नातवाचा निकाल कधी हाय?" तिसऱ्या दिवशी आजोबांच्या म्हशीच रस्ता अडवून उभ्या, मग तर बसूनच बोलणं झालं. चौथ्या दिवशी सरांनी युक्ती केली. कानटोपी, मफलर, फक्त डोळे उघडे. कुणी ओळखायलाच नको!

आजोबा आले. सायकलींकडं बघत काळजीनं म्हणाले, "आज मुळे सर दिसंनात? बरं हाय ना त्यांना?"

आणि मफलरच्या आतून आवाज आला, "बरं आहे, बरं आहे!"

*

चौघांचं बघून मलाही हौस आली. माझ्या भाच्यानं नवं घड्याळ घेतलं तेव्हा त्याचं जुनं मला दिलं. आमचे हे म्हणाले, "तू कुठं जाणार हायस मोजायला? शेजाऱ्याच्या गेटापर्यंत?" मी लक्ष दिलं नाही.

सकाळी घड्याळ घालूनच स्वयंपाकाला बसले. ज्वारीची भाकरी थापताना दोन्ही हात कसे चालतात, तुम्हाला माहीत आहे. पाण्याचा हात, पिठाचा हात, थाप, फिरव, थाप, फिरव. चौथ्या भाकरीला मनगट गुरगुरलं. घड्याळावर इंग्रजी अक्षरं आली. मला वाटलं माझं बीपी वाढलं! पिठाच्या हातानंच ओट्यावर आले आणि सिस्टरना दाखवलं.

सिस्टर वाचून इतक्या हसल्या की त्यांचा चहा सांडला.

"काकू, ते विचारतंय, तुम्ही पोहायला उतरलात का? मोजायला सुरुवात करू का?"

"सांगा त्याला," मी म्हटलं, "नळाला पाणी आठव्या दिवशी येतंय. उतरू कशात?"

त्यांनी काय बटण दाबलं कुणास ठाऊक. अकरा भाकरी झाल्यावर बघितलं, तर मी परातीत दोनशे मीटर पोहले होते!

*

सिस्टरचा स्वतःचा किस्सा मात्र त्या कधी सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

सायकल जिकडं जाईल तिकडं फोनच्या नकाशावर रेघ उमटते. सिस्टरच्या मनात आलं, गल्ल्यागल्ल्यांतून अशी सायकल फिरवायची की वरून बघितलं तर मोर दिसावा. आठ दिवस रोज ड्युटीवरून आल्यावर वहीत धाराशिवच्या गल्ल्या काढत बसायच्या. ही गल्ली म्हणजे मान, हा रोड म्हणजे पाठ, आणि स्टेशनकडच्या वळणावर पिसारा. मला वही दाखवली तेव्हा मला गाव वेगळंच दिसायला लागलं. भाजी आणायला निघाले तरी वाटायचं, आपण आता मोराच्या पायावरून चाललोय.

रविवारी सिस्टर निघाल्या. मान झाली, पाठ झाली. पिसाऱ्याला वळतात तर काय, गल्लीत लग्नाचा मांडव! आमच्याकडं मांडव रस्त्यातच पडतो, त्यात नवल नाही. मागं वळल्या तर तिकडं बारशाचा मांडव. तिसऱ्या गल्लीत नळाची पाइपलाइन खोदलेली. शेवटी जिथून वाट मिळाली तिथून त्या कशाबशा बाहेर पडल्या.

ओट्यावर सगळे फोनवर वाकले. फैयाजभाईंनी फोन आडवा धरला, उभा धरला, डोळे बारीक केले.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "मोर किधर है मालूम नै, पन बकरी बहुत अच्छी आई है!"

*

भाऊंचे आकडे हळूहळू वाढत होते. तीस झाले, चाळीस झाले, एका रविवारी बावन्न. आणि मग भाऊ कळंबला पुतण्याच्या साखरपुड्याला गेले. सायकलवर नाही, एसटीनं. येताना शेवटच्या सीटवर जागा मिळाली. पोट भरलेलं, खिडकीतून गार वारा. भाऊंना डुलकी लागली.

इकडं मनगटावरच्या घड्याळाला काय वाटलं देव जाणे. त्यानं आपलं ठरवून टाकलं की माणूस सायकल चालवतोय!

भाऊंचा फोन वाजला.

"बाबा! अहो, साठचा स्पीड? साठ? सायकलवर? थांबा आधी! आत्ताच्या आत्ता थांबा!"

भाऊ झोपेतच होते. म्हणाले, "माझ्या हातात न्हाय गं ते. कंडक्टरला बेल मारायला सांगावं लागंल!"

अख्खी एसटी हसली म्हणतात. पण प्रज्ञा हसली नाही. घरी आल्यावर भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, "बाबा, म्हणजे हे घड्याळ बसमध्ये बसूनही शंभर दाखवेल. आता मी नुसते किलोमीटर बघणार नाही. हृदयाचे ठोकेही बघणार. सायकल चालवताना ते वाढलेले दिसले पाहिजेत, पण फार नाहीत."

भाऊ म्हणाले, "बघ बाई, काय काय दिसतंय ते सगळं बघ."

*

डिसेंबरातल्या एका रविवारी भाऊंनी पहिला प्रयत्न केला. कळंबला जाऊन परत आलं की शंभराच्या वर होतात, हे सरांनी कागदावर काढून दिलं होतं. चौघंही निघाले. मी दशम्या बांधून दिल्या.

दुपारी उन्हं कलताना परत आले. भाऊंचे पाय थरथरत होते पण तोंडावर हसू. फाटकात उतरले, घड्याळाचं बटण दाबून राईड बंद केली आणि मग आकडा बघितला.

शहाण्णव.

सर म्हणाले, "शक्यच नाही! माझ्यात एकशे तीन आहेत." सिस्टरच्यात एकशे पाच. मग सरांनी घड्याळ खालीवर करून शोधून काढलं. माणूस थांबला की घड्याळ मोजायचं आपोआप थांबतं, तशी त्यात सोय होती. आणि येरमाळ्याच्या चढाला भाऊ इतक्या सावकाश चढले होते की घड्याळाला वाटलं, हा माणूस उभाच आहे!

"चढ चढलो म्या, आन् हे खालीच बसून ऱ्हायलं," भाऊ म्हणाले.

फैयाजभाई हळहळले. "साळवे साब, बटन कायकू दबाया? कॉलनी में चार चक्कर मार लेते ना!" पण बटण दाबलं होतं. आता चार चकरा मारल्या तर त्या वेगळ्या राईडमध्ये धरल्या जाणार होत्या.

रात्रीच्या स्वयंपाकाला बसले तेव्हा भिंतीपलीकडं फोन चालू होता.

"शहाण्णव, बाबा."

"बाकीचे चार घाटात पडलेत गं. जाऊन वेचून आणू का?"

मग प्रज्ञा म्हणाली, "ठरलंय ते ठरलंय." पण तिचा आवाज कडक नव्हता. भिंतीतून असं सगळं बरोबर कळतं मला.

*

त्याच दिवसांत मला एक स्वप्न पडलं. मला सायकल येत नाही, कधी शिकलेच नाही. पण स्वप्नात मी सायकलवरून माहेरी निघाले होते. माझं माहेर परंड्याकडं, सोनारीच्या शेजारी. दोन्ही बाजूला करडईची पिवळी फुलं, मधून रस्ता, आणि पायडल मारायचं कामच नाही. साडीचा पदर मागं लांबच लांब उडतोय. सोनारीला भैरवनाथाच्या देवळापाशी आले, तर कळसावरची माकडं हात वर करून विचारतायत, "कुठं निघालाव?" मी म्हटलं, "हे इथंच, फिरायला."

सकाळी उठून आधी घड्याळ बघितलं. शून्य किलोमीटर! म्हणे तुम्ही छान झोपलात.

भाऊ चहाला आले तेव्हा मी त्यांना रागानंच विचारलं, "भाऊ, स्वप्नातले किलोमीटर मोजत न्हाय का हो हे?"

भाऊंनी बशीत फुंकर घातली.

"मोजत असतं वहिनी, तर माझं शतक कवाच झालं असतं. म्या रोज झोपेत कळंबला जाऊन येतो. कधी कधी ही पण असती, पुढच्या नळीवर बसलेली. अजाबात वजन लागत न्हाय तिचं."

ही म्हणजे त्यांची मंडळी. मी चहात साखर घालायला म्हणून आत गेले. साखर घातलेली होती.

*

आणि आता हा शेवटचा.

संक्रांत तीन दिवसांवर आली. सरांची शाळा, सिस्टरची ड्युटी, फैयाजभाईंच्या घरी पाहुणे. भाऊ म्हणाले, "एकटाच जातो." सरांनी घड्याळातली ती आपोआप थांबायची सोय बंद करून दिली. पहाटे भाऊ निघाले. धुक्यात आधी सायकल दिसेनाशी झाली, मग भाऊ, आणि शेवटी त्यांची पांढरी टोपी.

प्रज्ञानं त्या दिवशी रजा घेतली होती. पुण्यात फोनवर तिला एक निळा ठिपका दिसत होता, तोच तिचा बाप. तासातासाला मला फोन. "काकू, बाबा येडशीला पोचले." "काकू, कळंबला पोचले. ठोके एकशे वीस, चांगले आहेत." "काकू, परत फिरले!" मी सकाळपासून भांड्यांना हात लावला नव्हता.

अडीचच्या सुमाराला तिचा आवाज बदलला. "काकू, ठिपका हलत नाहीये. येडशीच्या अलीकडं. पाऊण तास झाला."

मी तिचा फोन ठेवला. भाऊंना फोन लावला. सायकलवर असताना फोन उचलायचा नाही, ही प्रज्ञाचीच ताकीद. पण त्यांनी उचलला.

"वहिनी, हुरडा खातोय!"

रस्त्याकडेच्या शेतात आगटी पेटली होती. लोकांनी हाक मारली, "ओ सायकलवाले, या, चार कणसं खाऊन जा." जानेवारीत आमच्याकडं हुरड्याला बोलावल्यावर नाही म्हणायचं नसतं. भाऊ बसले. गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कूस उडवायचं आणि दाणे तोंडात टाकायचे. कूस पट्ट्यात शिरून मनगट खाजायला लागलं, म्हणून भाऊंनी घड्याळ काढून बाजूच्या पोत्यावर ठेवलं.

हे मला नंतर कळलं. तेव्हा प्रज्ञाला मी एवढंच कळवलं की बाबा हुरडा खातायत. थोड्या वेळानं तिचाच फोन आला, "ठिपका हलला काकू! निघाले!"

चारला तिचा फोन आला तो किंचाळतच. "काकू, एकशे तीन! एकशे तीन झाले! आणि ठिपका घराच्या दारात आहे. बाबा आले ना? फोन उचलत नाहीत. द्या ना त्यांना!"

मी धावत बाहेर आले. दारात ट्रॅक्टर उभा होता.

मागं ट्रॉलीत उसाचं हिरवं वाढं, जनावरांसाठी, शिगोशीग भरलेलं. ट्रॅक्टरवरून तिशीतला एक गडी उतरला. "काकू, साळवे भाऊंचं घर हेच का? त्यांचं घड्याळ आमच्या शेतात ऱ्हायलं बघा. पडायला नको म्हणून हातातच बांधून आणलं." आणि त्यानं मनगट पुढं केलं.

माझ्या कानाला फोन होता. पुण्यातून, "काकू? काकू?"

जन्मात पहिल्यांदा मी एका प्रश्नाचं पूर्ण उत्तर दिलं नाही. म्हटलं, "थांब, थोड्या वेळानं त्यांनाच लावायला सांगते," आणि फोन ठेवला.

गड्याचं नाव बालाजी. आमच्या कॉलनीमागच्या गोठ्यावर वाढं टाकायला तो येणारच होता. "अरे, मग रस्त्यात भाऊ भेटले न्हाईत?" मी विचारलं. "भेटले की! उतारावर. म्या हात वर करून वराडलो. पण भरलेली ट्रॉली उताराला थांबती व्हय? त्यांनी बघितलं, त्यांनी पण हात केला."

मी त्याला ओट्यावर बसवलं, चहा ठेवला. पण माझं लक्ष सगळं कोपऱ्यावरच्या खांबाकडं. घड्याळ दारात आलेलं आणि छातीत स्प्रिंग बसवलेला माणूस एकटा रस्त्यावर, तो कुठं आहे हे आता पुण्यातही कुणाला दिसत नाही. दहा मिनिटं झाली. वीस झाली. उन्हं केशरी झाली. पाखरांचे थवे तळ्याकडं चालले होते. रस्ता असा रिकामा की जणू त्यावरून कधी कुणी गेलंच नाही.

मग खांबापाशी पांढरी टोपी दिसली.

भाऊ सावकाश, इतके सावकाश आले की सायकल पडत कशी नाही तेच कळेना. मिशीत हुरड्याचं कूस. फाटकाला हात लावून उतरले आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "वहिनी, घड्याळ हरवलं. निम्म्या वाटंत ध्यानात आलं. मागं फिरायचं बळ न्हवतं. मग म्हणलं, आता कुणाला दाखवायचंय? चालवत आलो."

मग त्यांना बालाजी दिसला.

"अरे! तुमीच ना मला हात केला? म्या जय भीम केला की तुम्हाला!"

"भाऊ, म्या हात करत न्हवतो," बालाजी म्हणाला, "घड्याळ दाखवत होतो!"

भाऊ मटकन ओट्यावर बसले. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. बोटं आखडलेली, म्हणून मीच स्पीकरवर टाकला.

"बाबा!" प्रज्ञा रडत होती की हसत होती कळत नव्हतं. "दिसले बाबा, एकशे तीन दिसले! संपला पुण्याचा विषय. मी परत कधी काढणार नाही. राहा तुम्ही तिथं."

"प्रज्ञा, ऐक, ते घड्याळ..."

"थांबा, आधी माझं ऐका. किलोमीटरचं नाही बोलत मी. मी तुमचे ठोके बघतेय. सकाळपासून एकशे वीस, एकशे तीस. आणि हुरडा खाऊन निघाल्यापासून? बहात्तर! शेवटपर्यंत बहात्तर. मी चार वेळा बघितलं. आई गेल्यापासून तुमचं हृदय इतकं शांत मी कधी बघितलं नाही बाबा. काय चाललं होतं तेव्हा मनात? सांगा ना मला."

भाऊंनी फोनकडं बघितलं. मग ओट्याच्या टोकाला बसलेल्या बालाजीकडं. त्याच्या एका हातात माझी बशी होती आणि मनगटावर अजून घड्याळ.

भाऊंनी फोनवर तळहात झाकला आणि हळूच विचारलं, "बालाजी, येताना तुमच्या मनात काय होतं हो?"

बालाजीची बशी ओठाशीच थांबली. "माझ्या? काय असतंय भाऊ. ट्रॉली रिकामी करायची आन् घरला जायचं."

भाऊंनी तळहात काढला.

"काय न्हाय गं," ते म्हणाले. "घरला जायचं होतं."